झोपणारा समुद्र

काल दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी आपलं जग जागं झालं होतं आणि तेव्हा आपण तिथे नव्हतो, हे स्नेहलला सकाळी चहा गाळताना कळलं. फोनवर आलेला मेल जेमतेम तीन ओळींचा होता. जागं झालं, तीन चार. झोपलं, चार वीस. आलेली माणसं, एक. गाळणं कपावर तसंच धरून ती उभी राहिली आणि चहा थेंब थेंब पडत राहिला. सुजित पहिल्या पाळीला निघून गेला होता, त्याच्या बुटांच्या पॉलिशचा वास अजून दारापाशी होता, आणि खिडकीतून एमआयडीसीच्या बाजूचा तो रोजचा वास येत होता, ज्याला बोईसरमध्ये कुणी वास म्हणत नाही, वारा फिरला म्हणतात. काल तीन वाजता ती पालघरला दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवी होती. डावा गाल बधिर झाला होता, जीभ कुणा दुसऱ्याची तोंडात ठेवल्यासारखी झाली होती, आणि डॉक्टर जे विचारत होता त्याला ती नुसतं हं म्हणत होती. म्हणजे त्याच वेळी, त्याच मिनिटाला, तिथे धक्क्यावर कुणीतरी उभं होतं. लाटा सुरू झाल्या होत्या. वलांड्यांवर वाळत घातलेले बोंबील वाऱ्याने हलायला लागले होते. तिच्याशिवाय. भीती वाटली नाही. पण आपण परगावी असताना कुणीतरी घर उघडून, केर काढून, पुन्हा कुलूप लावून गेलं असावं, तसं काहीतरी तिला वाटत राहिलं.

तिचं जग म्हणजे संगणकात बांधलेला एक किनारा. अडीचशे पावलं लांब आणि अडीचशे पावलं रुंद. धक्का, बर्फाचा कारखाना, देऊळ, बांबूच्या वलांड्या, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, आणि मागे कौलारू घरांची एक ओळ. त्यातलं चौथं घर तिने सगळ्यात जास्त वेळ घेऊन बांधलं होतं, त्याच्या खिडकीचा तुटका गज सुद्धा. सातपाटी असं नाव तिने त्याला कधी दिलं नाही. दिवसा ती एका इंजिनिअरिंग कंपनीसाठी पाइपलाइनची ड्रॉइंग काढायची, आणि ते काम संपलं की त्याच हाताने इथे एखादा दगड, एखादी दोरी मांडायची. दहा वर्षं हे जग सुजितने कारखान्याच्या भंगारातून आणलेल्या एका यंत्रावर चाललं. यंत्र बेडरूमच्या माळ्यावर घुमत असायचं, आणि कुणी आलं न आलं तरी ते चालू ठेवावं लागायचं. येणारेही फार नव्हते. आधी एक जड प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा, मग नवं नाव, नवा पासवर्ड, नवं शरीर. माणसं दारातूनच परत जायची. टिकली ती दहा-बारा. त्यांत नागपूरची राजनंदिनी नावाची एक बाई होती, जिने समुद्र कधी पाहिला नव्हता आणि जी तासन्‌तास वाळूवर शिंपले मांडत बसायची. या वर्षी माळ्यावरचं यंत्र कायमचं बंद पडलं, तेव्हा स्नेहलने किनारा उचलून क्लाउडवर नेला. आता तो कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या यंत्रांवर होता आणि गरजेपुरता चालायचा. कुणी आलं की चाळीस सेकंदांत जागा व्हायचा, शेवटचं माणूस गेलं की दहा मिनिटांनी झोपायचा. दारही सोपं झालं होतं. लिंक दाबायची, समोर आपलाच फोटो आणि आपलंच नाव दिसतं, त्यावर बोट ठेवायचं की आत. सहज म्हणून तिने ती लिंक ओळखीच्या पाच-सहा जणांना पाठवली होती. आईलासुद्धा. आईने उत्तरादाखल गुलाबाचं फूल पाठवलं होतं, जसं ती सगळ्यालाच पाठवते.

त्या दिवशी दुपारी ती ड्रॉइंग उघडून बसली, पण तिचे डोळे फोनवर होते; जग जागं झालं की तो वाजेल असं तिने सकाळीच करून ठेवलं होतं. तीन वाजून सहा मिनिटांनी फोन वाजला. जागं झालं. तिने संगणकावर आपलं दार उघडलं, आणि मालकाला अदृश्य होऊन बसता येतं तशी बर्फाच्या कारखान्याच्या पायरीवर बसली. धक्क्यावर एक आकृती उभी होती. नव्या माणसाला मिळतं तसं कोरं शरीर, निळी पॅन्ट, पांढरा शर्ट, आणि डोक्यावर नाव: विजया मेहेर. बाजूला कुणाच्यातरी लग्नातला आईचा फोटो, कपाळावर टिकली वाकडी. स्नेहलला हसू आलं. आई सकाळी मासळी घेऊन पालघरच्या बाजारात बसते, दोनला घरी येते, आणि आता ही निळी पॅन्ट घालून इथे उभी. आकृती दोन पावलं चालली, भिंतीला धडकली, वळली, पुन्हा धडकली. आता आपण दिसावं, आई म्हणावं, असं तिच्या मनात आलं आणि तेवढ्यात ती आकृती खोकली. तो खोकला आईचा नव्हता. खालून वर येणारा, शेवटी घशात एक दोर ओढल्यासारखा तो खोकला ती बारा वर्षांनी इतक्या जवळून ऐकत होती. पाठोपाठ आवाज आला, जरा ओढलेला, एका बाजूने सांडणारा. ‘धक्का एवढा उंच कुठं होता.’ आणि मागे, लांबून, खऱ्या सातपाटीतल्या खऱ्या घरातून, आईची भांडी घासायची खळखळ ऐकू आली.

बाबा. रामनाथ मेहेर, पण गावाला रामनाथ तांडेल, होडीचा म्होरक्या. गावातल्या होड्यांवर त्यांचा शब्द चालायचा तेव्हा ती लहान होती आणि त्यांच्या पायाला लागलेली वाळू वेगळ्या रंगाची असते असं तिला वाटायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा आला, उजवा हात गेला, तोंडाची एक बाजू खाली आली. ती दवाखान्यात गेली होती, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली होती, आणि ते आईला म्हणाले होते, हिला सांग, बस पकड, उशीर होईल. बारा वर्षं ते तिच्याशी असंच बोलत होते. हिला सांग. तिच्या लग्नातसुद्धा त्यांनी अक्षता टाकल्या, डोक्यावर हात ठेवला, आणि सुजितकडे बघून म्हणाले, हिला सांभाळा. शब्द तिच्या कानाजवळून जायचे, तिच्यापर्यंत यायचे नाहीत. रागावून ओरडले असते तर बरं झालं असतं असं तिला अनेकदा वाटलं होतं. पण ते ओरडणारे नव्हतेच. वादळातसुद्धा खलाशांना हळू आवाजात हाक मारणारा माणूस तो.

घडलं होतं ते एका यादीवरून. तेव्हा ती गावातल्या एका मच्छीमार संस्थेत कम्प्युटरवर बसायची. बाबांनी होडीवर नवं जीपीएस घेतलं होतं आणि आपल्या आयुष्यभराच्या जागा, जिथे पापलेट लागतं, जिथे घोळ मासा येतो, जिथे खाली खडप असून जाळं फाटतं, त्या सगळ्या त्यांना एका कागदावर नीट हव्या होत्या. तांडेलाच्या या जागा म्हणजे त्याची पुंजी. त्या तो मुलाला सांगतो, तेही म्हातारपणी. बाबांना मुलगा नव्हता. एका दुपारी ते संस्थेत आले, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि कुजबुजत तेवीस जागा सांगितल्या. आधी नाव, मग किती वाव पाणी, म्हणजे खोली, मग जीपीएसचे आकडे. जुना खुंट. तीन दगड. मधलं दार. काळोखी. तिने टाइप केलं, छापून दिलं. त्यांनी कागद घडी करून टोपीत ठेवला. फाइल मात्र तिथेच राहिली, सगळे वापरायचे त्या कम्प्युटरवर, ‘बाबा’ या नावाने, विनापासवर्ड. काढून टाकायची राहिली, एवढंच. कुणी पेनड्राइव्हवर नेली ते कधी कळलं नाही. पुढच्या हंगामात बाबा जुन्या खुंटावर पोचले तेव्हा तिथे आधीच चार होड्या होत्या. पहिली बळवंत तरेची. तीन दगडांवर सहा. बाबा घरी आले, पाय धुतले, आणि आईला म्हणाले, ‘हिला सांग, माझा समुद्र वाटून टाकला हिने.’ तिने संस्था सोडली. वर्षभरात लग्न झालं, बोईसरला आली. आणि मग किनारा बांधला तेव्हा समुद्र बांधला नाही. पाणी दिसायचं लांबपर्यंत, पण ते नुसतं चित्र होतं. धक्क्यापासून ऐंशी पावलांवर एक न दिसणारी कड होती, तिच्यापलीकडे कुणाला जाता येत नसे. सुजितने एकदा विचारलं होतं, एवढं सगळं केलंस, होडी का नाही जात पुढं? ती म्हणाली होती, जागा नाही.

आता बाबा रोज यायला लागले. तीनच्या सुमाराला आई कामाला लागली की तिचा फोन घेऊन ओट्यावर बसत असणार, डाव्या हाताच्या अंगठ्याने चालत असणार. माईक चालू असतो हे त्यांना माहीत नाही असं स्नेहलने धरलं. ते स्वतःशी बोलायचे. ‘बर्फाचा कारखाना अजून उजवीकडं.’ ती संध्याकाळी कारखाना उजवीकडे सरकवायची. दुसऱ्या दिवशी ते तिथे येऊन थांबायचे, काही न बोलता पुढे जायचे. ‘वलांडीला पाच बांबू? सात असतात.’ ती सात करायची. ‘देवळाचा कळस पांढरा होता, मग पिवळा केला त्यांनी.’ कोणत्या वर्षीचा कळस हवा ते तिला कळेना, म्हणून तिने अर्धा पिवळा केला, आणि बाबा त्या दिवशी हसले. ते हसू ऐकताना ती संगणकासमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, शाळेत तपासनीस आल्यावर मुली बसतात तशी. फोनमधून घर यायचं. कावळे, कुणाच्यातरी मिक्सरचा आवाज, आईचं विळीवर मासा कापणं, ओट्यासमोरून जाणारी टमटम. कधी बाबा गप्प असायचे आणि नुसता श्वास यायचा, आणि तेवढ्यावर तिची दुपार जायची. ड्रॉइंगमधल्या रेघा पुढे सरकायच्या नाहीत, बोईसरचा फ्लॅट पाण्याखाली गेल्यासारखा हिरवट वाटायचा, आणि वाटायचं की आपण खरंच त्या पायरीवर बसलो आहोत, बुडाला बर्फाच्या लाद्यांचा गारवा लागतो आहे.

आठव्या दिवशी बाबांनी होडी पाण्यात ढकलली. ऐंशी पावलांवर ती कडेला टेकली आणि थांबली. त्यांनी डावीकडे घेतली, उजवीकडे घेतली. होडी तिथल्या तिथे थरथरत राहिली. ‘समुद्र कुठं हाय?’ ते म्हणाले. मग जरा वेळाने, अगदी हळू, ‘हे पाणी नाय. भिंत हाय ही.’ आणि फोन बंद झाला. दहा मिनिटांनी जग झोपलं. स्नेहल काळ्या पडद्याकडे बघत बसली.

सुजित पाळीवरून आला तेव्हा ती अजून तिथेच होती. सगळं ऐकून तो म्हणाला, ‘अगं, सरळ बोल की त्यांच्याशी.’

‘ते माझ्याशी बोलत नाहीत.’

‘मग गेले आठ दिवस हे काय चाललंय?’

तिने चहाचं आधण ठेवलं. तो बूट काढत म्हणाला, ‘समुद्र पाहिजे म्हणतायत ना? आता कुठं जागेची अडचण आहे तुला. झोपलेल्या पाण्याला भाडं नाही, तूच म्हणालीस.’

ते खरं होतं. माळ्यावरच्या यंत्राला एक किनारा पेलवताना धाप लागायची; इथे किनाऱ्याएवढे हवे तेवढे चौकोन जोडता येत होते, आणि ज्या चौकोनात माणूस आहे तेवढाच जागा राहणार होता. अडचण ती नव्हती. अडचण अशी होती की दार आता उघडं होतं. आईकडे लिंक होती म्हणजे ती गुलाबाच्या फुलासारखी आणखी कुठे कुठे गेली असणार. बटण दाबलं की कुणीही आत. आणि समुद्र मांडायचा म्हणजे ती त्या तेवीस जागा मांडणार, दुसरा कुठला समुद्र तिला येतच नव्हता. सगळे आकडे तिला पाठ होते. बारा वर्षांत ते तिने कुठे लिहिले नव्हते, कुणाला म्हणून दाखवले नव्हते, पण दळण दळताना, रिक्षात, ड्रॉइंगवर मापं घालताना ते आतून वर यायचे, जुना खुंट, अकरा वाव, आणि ती ओठ मिटून घ्यायची. तीच चूक पुन्हा, तिला वाटलं, या वेळी जाणूनबुजून. तीन दिवस तिने काही केलं नाही. बाबा तिन्ही दिवस आले, होडी कडेपर्यंत नेली, कडेशी नाक लावून बसून राहिले आणि परत गेले. चौथ्या दिवशी तिने ऑफिसला कळवलं की दात दुखतो आहे, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत समुद्र मांडला. खरं अंतर ठेवलं असतं तर बाबांना तासन्‌तास अंगठा दाबून बसावं लागलं असतं, म्हणून तिने समुद्र दुमडला. चार मैलांचं एक पाऊल नाही, पण तसंच काहीतरी. तळ मात्र खरा केला. जिथे अकरा वाव तिथे अकरा, जिथे खडप तिथे खडप. नावं कुठेच लिहिली नाहीत, होडीखाली किती वाव पाणी आहे तेवढं पडद्यावर दिसेल असं केलं.

दुसऱ्या दिवशी होडी कडेपाशी आली आणि कड नव्हती. होडी पुढे गेली. बाबांचा श्वास थांबल्याचं तिला ऐकू आलं. ती अदृश्य होऊन मागे मागे गेली, पाण्यावरून, जशी स्वप्नात माणसं जातात. होडीचं नाक ज्या चौकोनात शिरेल तो जागा होत होता. आधी राखाडी, सपाट, पाटीसारखा, मग त्यावर सुरकुती उठायची, मग रंग, मग लाट. आणि मागचा चौकोन, होडी निघून गेली की थोडा वेळ हलत राहायचा आणि निजायचा. जिथे बाबा होते तेवढाच समुद्र होता. ‘तीन तासांची वाट,’ बाबा म्हणाले, ‘पाच मिनिटांत आणलीस.’ आणलीस. तिने ते ऐकलं आणि लगेच स्वतःला समजावलं की माणूस समुद्राशीही असं बोलतो, देवाशीही बोलतो. मग ते थांबले. खाली अकरा वाव पाणी होतं.  ‘जुना खुंट,’ बाबा म्हणाले. त्या दुपारी ते चार जागांवर गेले आणि प्रत्येक ठिकाणी नाव घेतलं, एखाद्याच्या घरी जाऊन दारात नाव पुकारावं तसं. पुढचे पाच-सहा दिवस तेच. तीन दगड, मधलं दार, काळोखी. कुठे म्हणायचे, इथं माझ्या बापानं दाखवलं. कुठे म्हणायचे, इथं जाळं गेलं, नवं होतं. शेवटी राहिली एकच जागा. रांजण. समुद्राच्या तळाला पडलेला खड्डा, रांजणासारखा, तिथे घोळ येऊन बसतात असं ते सांगायचे. यादीत ती तेविसावी होती. बाबा तिथे पोचले, होडी थांबवली, खाली बघितलं. ‘हं,’ म्हणाले. होडी वळवली, किनाऱ्याला आणली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता फोन वाजला नाही. चारलाही नाही. त्याच्या पुढच्या दिवशी नागपूरची राजनंदिनी येऊन गेली, तिच्यासाठी जग वीस मिनिटं जागं झालं आणि निजलं. तिसऱ्या दिवशी स्नेहल स्वतःच आत गेली आणि धक्क्यावर बसून राहिली. आता ती अदृश्य नव्हती. तिच्यामुळे लाटा चालू होत्या, आणि त्या नुसत्या आपल्यासाठी चालू आहेत हे तिला सहन होईना. त्या ‘हं’मध्ये काय होतं ते ती पुन्हा पुन्हा ऐकत होती. ओळखलं त्यांनी, पुन्हा सगळं उघड्यावर मांडलंय ही पोरगी, असं होतं का त्यात? की तब्येत? आईला फोन लावला तर तो बंद. मग तिने चप्पल घातली. पालघरला उतरून सातपाटीची रिक्षा धरली, रिक्षात दोन बायकांच्या मध्ये रिकाम्या टोपल्या मांडीवर घेऊन बसली, आणि खाडीचा वास आला तसे तिच्या तोंडातले शब्द आपोआप बदलायला लागले.

बाबा ओट्यावर बसले होते. मांडीवर जाळं, डाव्या हातात सुई, उजवा हात जाळ्याच्या एका टोकावर वजनासारखा ठेवलेला. त्यांनी तिला गल्लीच्या तोंडापासून येताना बघितलं आणि मान खाली घातली. ती पायरीशी थांबली. आईची चाहूल नव्हती.

‘आई कुठं गेली?’ तिने विचारलं. बारा वर्षांच्या सवयीने तिने प्रश्न हवेत सोडला.

‘फोन दाखवायला गेली पालघरला. बर्फाच्या टोपात पडला,’ बाबा म्हणाले. ते तिच्याकडे बघत होते. ‘तांदळात ठेवलावता दोन दिवस. नाय झाला चालू. तू एवढ्या उनात कशाला आली?’

ती खालच्या पायरीवर बसली, त्यांच्याकडे पाठ करून, कारण चेहरा दाखवायचा नव्हता. ‘मला वाटलं, तुमाला बरं नाय.’

‘बरा हाय मी.’ सुई जाळ्यातून दोनदा गेली. ‘तुझा रांजण चुकलाय.’

‘तुमाला ठाऊक होतं मी तिथं हाय ते?’

‘पंधरा वर्षं वायरलेसवर बोललो मी होडीतून. आपला आवाज जातो तेव्हा लाल दिवा पेटतो. तुझ्या त्या पाण्यात पण कोपऱ्याला पेटलेला असतो. पहिल्या दिवशीच बघितला.’

‘मग बोलत कोणाशी होता?’

‘ऐकत कोण होतं?’ बाबा म्हणाले.

समोर एक कोंबडी ओल्या जाळ्यावरून पाय उचलून उचलून चालली होती. स्नेहल तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘रांजण चुकला नाय. तुमी सांगितला तिथंच मांडलाय. माझ्या ध्यानात हाय सगळं.’

‘तेच सांगतो. मी सांगितला तोच खोटा होता.’

ती वळली. बाबांचं तोंड एका बाजूने खाली ओढलेलं होतं, त्यामुळे ते हसतायत की रडतायत ते कळत नव्हतं. ते दोन्ही करत नव्हते. ‘बावीस खरे सांगितले,’ ते म्हणाले. ‘तेविसावा खोटा. संस्थेचा कम्प्युटर, कोण कधी येऊन बसंल. मनात आलं, एक तरी आपल्यापाशी ठेवू. बापानं मला सांगितला तेव्हा त्याची जीभ जड झालीवती.’

‘म्हणजे तुमचा माझ्यावर भरोसा नव्हता. त्या दिवशी, शेजारी बसून सांगताना.’

‘नव्हता.’

ती उठली. घरात गेली, मागच्या दारातून बाहेर पडली आणि परड्यात उभी राहिली. बारा वर्षं. लग्नात, दवाखान्यात, दिवाळीला ओट्याच्या याच पायरीवर पेढ्याचा बॉक्स ठेवून परत जाताना. ती एक विसरलेली फाइल उराशी धरून जगत होती आणि या माणसाने तिच्या शेजारी बसून, तिच्या तोंडाकडे बघून, खोटा आकडा सांगितला होता. राग आला. असा स्वच्छ राग तिला या घराबद्दल कधी आला नव्हता. तो येताना तिला हलकं वाटत होतं, आणि त्याची लाज वाटत नव्हती. दोरीवर आईचं लुगडं वाळत होतं. ते तिने उगाच सारखं केलं. परत ओट्यावर आली तेव्हा बाबांनी जाळं बाजूला ठेवलं होतं.

‘तुमी मला बोल लावला,’ ती म्हणाली. ‘एवढी वर्षं.’

‘लावला. मग तोंड नाय राहिलं बोलायला. बावीसांचा हिशोब तुझ्याकडं मागायचा आणि हा एक पोटात.’ त्यांनी उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर घेतला. ‘मी लबाडी केली तुझ्याशी, स्नेहल.’

त्यांच्या तोंडून आपलं नाव ऐकताना ते तिला जरा जुनं, शाळेच्या हजेरीतलं वाटलं. ती बसली. यावेळी त्यांच्या पायरीवर. थोड्या वेळाने बाबांनी डाव्या हाताने खिसा चाचपला आणि म्हणाले, लिहून घे, खरा सांगतो.

‘नाय लिहीत,’ ती म्हणाली. ‘तुमचं मी परत काय लिहिणार नाय. तुमी होडी घेऊन चला. जिथं थांबाल तिथं मी खणते.’

रविवारी आईचा फोन दुरुस्त होऊन आला. तीनला पाच कमी असताना स्नेहल आत गेली आणि होडीत बसली, सगळ्यांना दिसेल अशी. सुजित मागे खुर्ची टाकून बघत बसला. बाबा आले, आईच्या नावाने, त्याच निळ्या पॅन्टमध्ये. त्यांनी होडी सोडली. जुना खुंट गेला, काळोखी गेली, त्यांच्या होडीपुढे एकेक चौकोन डोळे उघडत गेला. तिने खोट्या मांडलेल्या जागेवरून बाबा न थांबता पुढे गेले. मग होडी हळू झाली, थोडी उत्तरेला सरकली, पुन्हा मागे आली. ‘इथं नाय. अजून. अजून थोडं.’ त्यांचा अंगठा काचेवर घासल्याचा आवाज येत होता. ‘इथं.’ स्नेहलने तळ धरला आणि खाली ओढला. अठरा वाव, वीस, बावीस. ‘गोल कर,’ बाबा म्हणाले, ‘तोंड अरुंद, पोट मोठं.’ तिने केलं. होडीखालचं पाणी निळं होतं ते काळसर झालं. मागून आईचा आवाज आला, ‘काय करता दोघं?’ आणि बाबा म्हणाले, ‘गप बस जरा.’

‘खरंच लागतात तिथं घोळ?’ स्नेहलने विचारलं.

‘लागायचे. मी हात जायच्या आदीची चार वर्षं जात होतो. रिकामाच हाय तो. सगळंच रिकामं हाय आता, स्नेहल. मोठ्या जाळ्यांनी खरवडून नेलंय.’ मग ते म्हणाले, ‘लपवून कोणासाठी ठेवला काय ठाऊक.’

तेवढ्यात तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक नाव उगवलं. शेजारी टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो. बळवंत तरे. आईने लिंक पाठवली असणार, गुलाबाच्या फुलाबरोबर. लांब किनाऱ्यावर, जिथला चौकोन त्यांच्यामागे निजला होता, तो त्या माणसासाठी पुन्हा जागा झाला होता आणि एक कोरी आकृती धक्क्याच्या भिंतीला धडकत होती. मालकाच्या यादीत प्रत्येक नावापुढे एक लाल खूण असते; ती दाबली की त्या माणसाला दार बंद. स्नेहलचं बोट तिथे गेलं. जुन्या खुंटावरची पहिली होडी. तिने बोट दाबलं नाही, उचललंही नाही.

‘बाबा, धक्क्यावर बळवंतकाका आलेत.’

‘बघितलं.’

‘त्यांना होडी सापडली. दार लावून घेऊ?’

फोनमधून ओट्यावरचा वारा येत होता. सुजितने खुर्ची पुढे सरकवली. पलीकडे बळवंतकाकांची होडी धक्क्यापासून सुटली आणि स्वतःभोवतीच फिरायला लागली.

‘त्याला कधी सुकाणू धरता नाय आलं,’ बाबा म्हणाले. ‘खडपावर बसवंल होडी. सांग त्याला. माझा आवाज एवढ्या लांब नाय जायचा.’

‘काय सांगू?’

‘वाट सांग.’

तिने लाल खुणेवरून बोट काढलं, आवाज पूर्ण समुद्रभर जाईल असा केला, आणि बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती गावच्या बोलीत बोलणार आहे.

‘काका, मी रामनाथ तांडेलांची स्नेहल. आदी डावीकडं घ्या, मग सरळ या. आमी रांजणावर हाव.’